दिवसाची घडी
(तळेरे येथे भरलेल्या व्यवसायोपचार परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



मुंबई-गोवा महामार्ग, गगनबावड्याकडून येणारी कोल्हापूरची वाट आणि विजयदुर्गाकडे जाणारा रस्ता यांच्या तिठ्यावरचे तळेरे हे सिंधुदुर्गातले गाव. या रस्त्यांनी इथली माणसे कामासाठी बाहेर पडत आली आहेत. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्राची माणसे वाढत होती तेव्हा आमची कमी झाली. तरणी पिढी चाकरीला गेली, घरात म्हातारा-म्हातारी उरली. काम माणसाला कुठे नेते आणि काम सुटले की माणसाचे काय होते, हे ज्या जिल्ह्याला घराघरातून माहीत आहे, तिथे ही परिषद भरते आहे याचे मला फार समाधान वाटते.

मन आजारी पडले की आपण म्हणतो, ‘आधी बरा होऊ दे, मग लागेल कामाला.’ हे बोलण्यामागे माया असते, तरी त्यातला क्रम मला चुकीचा वाटतो. उठणे, तोंड धुणे, चूल पेटवणे, गुरे सोडणे, बाजाराला जाणे, संध्याकाळी चार माणसांत बसून गजाली मारणे, भजनाला टाळ घेऊन उभे राहणे ही सगळी निरोगी मनाची लक्षणे आहेत असे आपण धरून चालतो. ती लक्षणे आहेतच. पण मनाचे आरोग्य घडते तेही याच गोष्टींतून. दिवसाची घडी विस्कटली की मन विस्कटते आणि ती पुन्हा नीट बसवता आली तर मनालाही सावरता येते, एवढेच मला आज पुराव्यानिशी मांडायचे आहे. हा विचार नवा नाही. अ‍ॅडॉल्फ मायर या मनोविकारतज्ज्ञाने १९२२ मध्येच काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या तालावर माणसाचे स्वास्थ्य उभे असते, असे मांडले होते. या विचारावर उभ्या असलेल्या व्यवसायोपचाराच्या शास्त्राची आपल्याकडे रीतसर सुरुवात १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात झाली. कमला निंबकर यांनी तिथे व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले; आशियातले ते पहिले मानले जाते. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी; लग्नाने आणि कामाने मात्र पुरत्या इथल्या झाल्या. १९५२ मध्ये व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे या विद्येत महाराष्ट्र पहिल्या पंगतीला बसलेला आहे. ती विद्या मुंबई-नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांतून बाहेर पडून कणकवली-वैभववाडीच्या वाड्यांपर्यंत किती पोचली, हे मात्र आपण स्वतःला विचारायला हवे.

पुराव्याकडे येतो. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचे एक गाव होते. सारे गाव एका कापडगिरणीवर जगत होते आणि १९२९-३० च्या मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ भरपूर मिळाल्यावर लोक वाचतील, सभा-मंडळांत जातील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. घडले उलटे. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते अध्येमध्ये थांबू लागले. खिशातले घड्याळ बाळगणे अनेकांनी सोडून दिले. आज दिवसभरात काय केले, असे विचारले तर सांगण्यासारखे काही आठवेना. ज्यांच्यामागे घरकाम होते त्या बायका मात्र भरभर चालत होत्या. पुढे याहोदा यांनी यातून असा निष्कर्ष काढला की कामातून पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी मिळतात: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून साधायचे काहीतरी, समाजात ओळख आणि हातापायांना नियमित हालचाल. यातली एकही गोष्ट मनिऑर्डरीने येत नाही.

हे वाचताना सिंधुदुर्गातल्या माणसाला गिरणगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, त्यांत कोकणातले असंख्य. या संपावर पुष्कळ लिहिले गेले. बुडालेला पगार, हातच्या गेलेल्या जमिनी, न मिळालेली देणी यांचा हिशेब मांडला गेला आणि तो मांडायलाच हवा होता. पण पाळीचा भोंगा, साच्यावरचा जोडीदार, खानावळीतली पंगत, गावकीच्या खोलीतले भजन, ‘अमक्या गिरणीत विणकर’ ही ओळख हे सारे एकदम नाहीसे झाले. गावी परतलेल्या माणसाच्या मनाचे त्याने काय झाले, याची नोंद फार थोडी झाली. ‘तो दारूला लागला’, ‘तो गप्प गप्प असायचा’ एवढ्यावर आपण त्या माणसांची बोळवण केली. या परिषदेतल्या तरुण संशोधकांनी तो विषय हातात घ्यावा असे मला मनापासून वाटते. त्या पिढीतली माणसे आता थोडीच उरली आहेत.

यावर कोणी म्हणेल, हा फक्त दोन गोष्टी एकत्र घडल्याचा पुरावा झाला. मन खचलेला माणूस काम कमी करतो हे उघड आहे. काम कमी झाल्याने मन खचले, हे कशावरून? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळते. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेले ४९५ रुग्ण. कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवलेले. दोन्ही गटांना आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचे उपचार होते. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठका मिळाल्या. त्या घेणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. समाजातूनच निवडून शिकवून तयार केलेले समुपदेशक होते. बैठकांचा गाभा साधा होता: तुमचा दिवस कसा जातो, कोणत्या गोष्टी करायच्या सोडून दिल्यात, त्यातली कोणती उद्या थोडी तरी करता येईल, आणि केल्यावर मनाला कसे वाटले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. वर्षानंतरही हा लाभ टिकून होता. ही चाचणी नेमक्या अर्थाने व्यवसायोपचाराची नव्हती, मानसोपचाराची होती, हे मी इथल्या जाणकारांपुढे मान्य करतो. पण उत्साह येण्याची वाट न पाहता कृती सुरू करावी आणि उत्साह तिच्या मागून यावा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे आणि ते इथल्यासारख्याच माणसांवर, इथल्यासारख्याच आरोग्य केंद्रांत सिद्ध झाले आहे.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. मग नुसते गुंतवून ठेवले की झाले का? आणि काम हेच औषध असेल, तर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी आमची बाई खिन्न का होते? कर्जाने पिचलेला शेतकरी दिवसभर राबतच असतो, तो जीव का देतो? गुंतवून ठेवण्याच्या प्रश्नाचे उत्तर लॉस एंजेलिसमध्ये साठीपुढच्या ३६१ वृद्धांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. एका गटाला व्यवसायोपचारकांनी स्वतःचा दिवस तपासून तो आपल्या मनाजोगा नव्याने रचायला मदत केली. दुसऱ्या गटासाठी करमणुकीचे, गाठीभेटींचे कार्यक्रम ठेवले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. नऊ महिन्यांनी पहिल्या गटाची तब्येत, उमेद आणि समाधान वरचढ ठरले. दुसरा गट आणि तिसरा गट यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. वेळ घालवणे वेगळे आणि आपला दिवस आपण ठरवणे वेगळे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा अभ्यास मला माहीत नाही. राबणाऱ्या बाईच्या प्रश्नाचे उत्तरही मला यातच दिसते. तिच्याकडे काम खूप आहे. निवड नाही, विसावा नाही, केलेल्याची कोणी दखल घेत नाही. तिला आणखी एक काम देणे म्हणजे उपचार होणार नाही. तिच्या डोक्यावरचे एखादे काम उतरवून तिथे फुगडी, भजनी मंडळ, बचतगटाची बैठक किंवा नुसती दुपारची झोप बसवणे हाच तिचा उपचार. आणि शेतकऱ्याचे कर्ज व्यवसायोपचाराने फिटत नाही. ते काम शासनाचे आहे. आपण त्यावर पांघरूण घालू नये.

तिसरी शंका आपल्याच क्षेत्राच्या इतिहासातून येते. कामाच्या नावाखाली मनोरुग्णालयांत रुग्णांना फुकट राबवले गेले आहे, जगभर. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २० मध्ये रुग्णाला काम करण्याची सक्ती करता येणार नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे, असे लिहिले आहे. हे कलम प्रत्येक व्यवसायोपचार विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावे. त्याचबरोबर औषधांबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण सभागृहात रुग्णांचे नातेवाईक बसले आहेत. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधे लागतात. हात कामात आहेत म्हणून गोळी बंद करू नका.

आता आमच्या मातीतले थोडे. व्यवसायोपचार म्हटला की अनेक ठिकाणी मेणबत्त्या आणि कागदी पाकिटे एवढेच डोळ्यांपुढे येते. ज्याने आयुष्यभर तरवा लावला, रापण ओढली, माडाची झापे विणली, त्या माणसाला पाकिटे चिकटवण्यात आपले काही सापडेल का? मे महिन्यात इथल्या अंगणात सोलां, म्हणजे आमसुले, वाळत असतात. ते काम व्यवसायोपचारकाच्या नजरेने पाहा. रतांबे गोळा करायचे, फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, साली उन्हात पसरायच्या, रसाचे पुट द्यायचे, पुन्हा वाळवायच्या, पावसाचा वास आला की धावत आत आणायच्या. यात बारीक हालचाल आहे, डोळ्यांचा आणि हातांचा मेळ आहे, काळाचे भान आहे, शेजारीण आहे आणि शेवटी विकता येणारी वस्तू आहे. ज्याचे चित्त दहा मिनिटेही ठरत नाही त्याला पहिल्या आठवड्यात फक्त फोडण्याचे काम द्यावे, मग पसरण्याचे, आणि आभाळाकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी सर्वांत शेवटी, कारण तिथे विश्वास टाकावा लागतो. काथ्याची दोरी वळणे, चतुर्थीची माटवी बांधणे, दशावतारी नाटकाची पेटी भरणे यांचे असे विश्लेषण कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. ते मराठीत, मालवणीत, इथल्या जाणत्या बायाबापड्यांना सोबत घेऊन लिहावे लागेल.

माणूसबळाचे कसे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांबाहेर होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आखणीत मनोविकारतज्ज्ञ आहे, मानसशास्त्रज्ञ आहे, सामाजिक कार्यकर्ता आहे, परिचारिका आहे. व्यवसायोपचारकाचे वेगळे पद नाही. ज्याला घरी परतल्यावर सकाळी उठून करायचे काय, हाच प्रश्न आहे, त्याच्यासाठी हे पद चैनीचे नव्हे. आमच्याकडच्या रुग्णाला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यावे लागते आणि तो परत येतो तो पुन्हा त्याच पडवीत, त्याच रिकाम्या दिवसात.

स्वागत समितीने या दोन दिवसांसाठी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकात व्यवसायोपचारकाचे पद असावे, असा ठरावाचा मसुदा आपल्या हाती दिला आहे. त्यात सुधारणा सुचवाव्यात. आणि आज दुपारच्या सत्रात आशाताई व अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर बसून, वाडीवर घरभेट देताना माणसाच्या दिवसाबद्दल नेमके कोणते प्रश्न विचारायचे, त्याची एक पानाची यादी तयार करावी. ती यादी ज्या घरी जाणार आहे त्या घरांतली काही मंडळी मागच्या रांगांत बसली आहेत. सत्राच्या अध्यक्षांना विनंती आहे, पहिल्यांदा त्यांना बोलू द्यावे.