पगार बंद झाल्यावर : नाव, तारीख आणि खाते आपल्याच हाती



आपण या कार्यक्रमात एरवी बचतीविषयी बोलतो. आज मी पगार बंद झाल्यानंतर घरात येणाऱ्या पैशाविषयी बोलणार आहे. हा पैसा थोडा असतो आणि थोडेच दिवस येतो. पण त्या दिवसांत दुकानदाराची उधारी, खोलीचे भाडे आणि मुलांची फी याच पैशावर भागते. म्हणून तो मिळवायचा कसा, तो खाणाऱ्यांपासून सांभाळायचा कसा आणि पुन्हा काम लागले की कळवायचे कसे, या तिन्ही गोष्टी एकत्रच समजून घेऊ.

तुमच्यापैकी कोणी सुरतेला आहे, कोणी इंदूर-पिथमपूरकडे, कोणी बेळगावला, तर कोणी हैदराबादला. गाव कुठलेही असो, पगाराच्या पावतीवर ‘ईएसआय’ नावाची कपात होत असेल तर ती काढून पाहा. तुमच्या पगाराचे ०.७५ टक्के त्यात जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी हा विमा आहे. दवाखान्यासाठी तो वापरतात हे सगळ्यांना ठाऊक असते. नोकरी गेल्यावरही त्यातून मदत मिळते, हे मात्र अनेकांना माहीत नसते.

या मदतीचे नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळत असे, २०२० मध्ये ती ५० टक्के झाली. ही मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते आणि आयुष्यात एकदाच मिळते. त्यासाठी किमान दोन वर्षे विम्याखालची नोकरी झालेली असावी लागते आणि ठरलेल्या काळात ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेल्याला, निवृत्तीचे वय झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती मिळत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात सध्याचा नियम विचारून घ्या. महामंडळाचा मोफत फोन १८००-११-२५२६ हा आहे.

कारखानाच बंद पडला किंवा कायदेशीर कामगारकपात झाली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना ही वेगळी योजना आहे. ती २००५ पासून आहे. तिच्यात पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळू शकतो. तुम्ही यातल्या कुठल्या योजनेत बसता, हे नोकरी का गेली यावर ठरते. म्हणून नोकरी सुटल्याचे कारण कागदावर बरोबर लिहिले गेले आहे का, हे आधी पाहावे लागते.

आता मुख्य गोष्ट. या काळात तीन गोष्टी दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत : आपले नाव, आपली तारीख आणि आपले खाते. फसवणारा माणूस यांपैकी एक तरी गोष्ट मागतोच.

पहिल्यांदा तारीख घेऊ, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. नोकरी सुटल्याचा दिवस मालक पोर्टलवर नोंदवतो. कधी तो नोंदवतच नाही, कधी चुकीचा नोंदवतो, तर कधी कपात केलेली असताना ‘स्वतःहून सोडली’ असे लिहितो. मग तुमचा अर्ज एक सांगतो आणि नोंद दुसरेच सांगते. म्हणून कामाच्या शेवटच्या दिवशीच कार्यमुक्तीचे पत्र मागा. मिळाले नाही, तर साध्या कागदावर अर्ज लिहा, एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. पगाराच्या पावत्या, हजेरीकार्ड आणि बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी एका पिशवीत ठेवा. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत मालकाने नोकरी सुटल्याची तारीख घातली नसेल, तर दोन महिन्यांनंतर सदस्याला ती पोर्टलवर स्वतः घालता येते. मात्र ईएसआयच्या अर्जात आणि पीएफच्या नोंदीत तारीख एकच असू द्या.

दुसरी तारीख पुन्हा काम लागल्याची. इथे खूप जण अडखळतात. नियम सरळ आहे : मदत बेकारीच्या दिवसांची आहे. मध्येच काम मिळाले, तर नोकरी सुटल्यापासून नवे काम लागेपर्यंतच्या दिवसांचे पैसे मिळतात. त्यापुढचे मिळत नाहीत.

आकड्यांत पाहू. समजा, एका कामगाराचा पगार दोन वर्षे दरमहा १८,००० रुपये होता. चोवीस महिन्यांचे झाले ४,३२,००० रुपये. याला ७३० दिवसांनी भागले की रोजचे साधारण ५९२ रुपये येतात आणि त्याचे निम्मे २९६. पूर्ण ९० दिवसांचे सुमारे २६,६०० रुपये होतात. त्याची नोकरी ३१ मार्चला सुटली आणि १० जूनला दुसऱ्या कारखान्यात काम लागले. एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे ९ मिळून ७० दिवस झाले. त्याचा हक्क साधारण २०,७०० रुपयांचा आहे. उरलेल्या २० दिवसांचे ५,९०० रुपये त्याचे नाहीत.

नेमक्या याच जागी एजंट उभा असतो. तो म्हणतो, “नव्या कामाचं कशाला सांगता? मी पूर्ण तीन महिन्यांचे काढून देतो, निम्मे माझे.” ऐकायला बरे वाटते. पण हिशेब करा. जादा मिळणाऱ्या ५,९०० रुपयांसाठी तो सगळ्या रकमेतला निम्मा वाटा, म्हणजे १३,३०० रुपये मागतो. खरे सांगितले असते तर २०,७०० हाती आले असते. खोटे सांगून हाती उरतात १३,३०० आणि त्यावर सही तुमची असते. नवा मालक वर्गणी भरतो ती तुमच्याच विमा क्रमांकावर. तो क्रमांक आधारला जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही तारखा एकाच नोंदीत दिसतात. चुकीने किंवा खोटेपणाने घेतलेले पैसे परत करावे लागतात आणि खोटे निवेदन हा गुन्हा ठरतो. वसुलीची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. एजंटचे नाव अर्जात कुठेच नसते.

म्हणून काम लागले की त्याच आठवड्यात शाखा कार्यालयाला लेखी कळवा. चार ओळी पुरतात : नाव, विमा क्रमांक, नव्या कामाची तारीख, मालकाचे नाव. पोच घ्या. नव्या मालकाला जुनाच विमा क्रमांक द्या, नवा काढू नका. तुम्ही दोन ठिकाणी विम्याखाली कामाला असाल आणि एकच नोकरी गेली असेल, तर तुम्ही बेकार धरले जात नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि अधूनमधून केलेले काम, म्हणजे चार दिवस कंत्राटदाराकडे माल उतरवणे, संध्याकाळी पार्सल पोचवणे, कोणाची रिक्षा चालवणे? ते धरायचे की नाही, हे आपणच ठरवू नये आणि शेजाऱ्यालाही विचारू नये. केलेल्या दिवसांची वही ठेवा, कार्यालयात दाखवा आणि ते सांगतील तसे अर्जात लिहा. विचारलेल्या माणसाची बाजू नंतर मांडता येते. लपवलेल्याची मांडता येत नाही.

आता नाव. नाव म्हणजे आधार, विमा क्रमांक, पीएफचा यूएएन, पासवर्ड आणि ओटीपी. ईएसआयच्या किंवा पीएफच्या दाव्याला सरकारी फी नाही. ‘फाइल पुढे सरकवायला’ पैसे मागणारा माणूस कार्यालयाचा नसतो. नेटकॅफेत किंवा सेवा केंद्रात अर्ज भरायचा असेल तर शेजारी बसून भरून घ्या. ओटीपी स्वतः टाका, काम झाल्यावर लॉगआउट करा आणि आधारची झेरॉक्स तिथे ठेवू नका. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता साधारणपणे ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ने संपतो, तो वाचा. व्हॉट्सॲपवर ‘ईएसआय क्लेम’ किंवा ‘पीएफ अपडेट’ अशा नावाची एपीके फाइल आली, तर ती उघडू नका. ती फाइल फोनमधले संदेश वाचते, ओटीपीसकट.

आणखी एक साधी खबरदारी. नोकरी गेली की रिचार्ज थांबतो. बराच काळ न वापरलेला नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. तोच नंबर आधारला आणि बँकेला जोडलेला असेल तर तुमचे ओटीपी परक्याकडे जातील. खर्च कुठेही कापा, हा नंबर चालू ठेवा. नंबर बदललाच, तर आधी बँकेत आणि आधार केंद्रात बदलून घ्या.

बेकारी भत्त्याचे खोटे संदेश तर सतत फिरत असतात. ‘प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता योजना, दरमहा ६,००० रुपये, या लिंकवर नोंदणी करा’ असा संदेश तुम्हीही पाहिला असेल. अशी योजना नाही, असे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर केले आहे. काही राज्ये शिकलेल्या बेरोजगारांना भत्ता देतात. त्यांची चौकशी त्या राज्याच्या रोजगार कार्यालयातच करा. आणि फोनवरचा माणूस मराठीत बोलला म्हणून तो आपला, असे समजू नका. परमुलखात आपली भाषा कानी पडली की मन सैल होते, हे फसवणाऱ्यालाही माहीत आहे.

तिसरी गोष्ट खाते. बेकार माणसाला सध्या दोन प्रकारची ‘कामे’ सांगितली जातात. एकात व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, असे सांगतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. मग टेलिग्रामच्या गटात घेतात आणि ‘मोठ्या टास्क’साठी आधी पैसे भरायला लावतात. भरलेले काढायचे तर आणखी भरा, असे म्हणतात. साधी खूण ठेवा : काम देणारा मजुरी देतो, मजुराकडून पैसे घेत नाही. नोंदणी, गणवेश, लॅपटॉप किंवा प्रशिक्षणाची अनामत मागितली की तिथेच थांबा.

दुसरे काम याहून वाईट. “तुमचं खातं नुसतं वापरायला द्या, महिन्याला पाच हजार.” पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेऊन जातात. मग त्या खात्यातून दुसऱ्यांच्या फसवणुकीचा पैसा फिरतो. पोलिसांकडे तक्रार गेली की बँकेला रक्कम रोखून धरावी लागते. त्याच खात्यात तुमची ईएसआयची मदत येणार असते, पीएफ येणार असतो, घरून भावाने पाठवलेले पैसे असतात. ते सगळे अडकते आणि चौकशी खातेदाराची होते. बँकेच्या खिडकीच्या या बाजूला बसून मी एवढेच सांगू शकते : “मला माहीत नव्हतं” हे उत्तर खरे असले, तरी त्याने खाते लगेच मोकळे होत नाही.

एवढे करूनही पैसे गेले, तर लाजू नका आणि वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा. पैसा पुढच्या खात्यांत जाण्याआधी कळले तर तो रोखता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर तोटा पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला असतो, पण कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे चूक झाली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर तो संचार साथीच्या ‘चक्षू’ सुविधेवर नोंदवा. पुढच्या माणसाचे तरी वाचतील.

शेवटी घरच्यांविषयी. नोकरी गेल्याचे पुष्कळ जण घरी सांगत नाहीत. सकाळी डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळी परततात. अशा एकट्या पडलेल्या माणसाला फसवणे सोपे असते. पत्नीला, भावाला, मोठ्या मुलीला, कोणा एकाला तरी सांगा आणि कागदांची पिशवी कुठे आहे तेही दाखवा. कोणी सही मागितली, ओटीपी मागितला किंवा खाते मागितले, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय हो म्हणायचे नाही, असे ठरवून टाका. आज घरी गेल्यावर पगाराची एक जुनी पावती काढा, विमा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि खाली १९३० लिहा. नोकरी शाबूत असतानाच हे करून ठेवा.