शोपँचे एक प्रिल्यूड



ज्या रचनेविषयी आज बोलावयाचे आहे ती वाजवून संपण्यास दोन-सव्वादोन मिनिटांहून अधिक अवधी लागत नाही, आणि पियानोचे प्राथमिक शिक्षण झालेल्या विद्यार्थ्यालाही तिचे स्वर सहज हाताखाली घालता येतात. परंतु एवढ्याशा अवकाशात आपल्या कानांच्या एका फार जुन्या सवयीला ती असा काही हादरा देते की, रागसंगीतावर पोसलेल्या रसिकाने पाश्चात्य संगीताच्या प्रांतात प्रवेश करावयाचा तो हिच्यापासूनच करावा, असे मला वाटते. पोलंडमध्ये 1810 साली जन्मलेल्या आणि पुढे पॅरिसमध्ये नावलौकिकास चढलेल्या फ्रेदेरिक शोपँचे हे 'ई मायनर'मधील प्रिल्यूड, म्हणजे त्याच्या ओपस 28 या संग्रहातील चौथी रचना.

या संग्रहात एकंदर 24 प्रिल्यूड्स, म्हणजे नांदीवजा रचना, असून पाश्चात्यांच्या 12 मेजर व 12 मायनर स्वरसप्तकांपैकी प्रत्येकाच्या वाट्यास एकेक आले आहे. कल्पना घेतली ती आधीच्या काळातील संगीतकार बाख याच्या अशाच एका ग्रंथावरून. मात्र बाखच्या ग्रंथात प्रत्येक प्रिल्यूडमागून 'फ्यूग' नामक विस्तृत रचना यावयाची असा शिरस्ता होता, तो शोपँने साफ मोडला आणि नांदी हेच नाटक करून टाकले. एका भाववृत्तीचा क्षण, पुढेमागे कशाचाही आधार न देता, पूर्ण कृती म्हणून रसिकांपुढे ठेवण्याचे हे धाडस त्या रोमँटिक युगाच्या स्वभावाला धरूनच होते. संग्रहावरचा अखेरचा हात फिरला तो 1838-39च्या हिवाळ्यात, मायोर्का बेटावरील व्हालदेमोसा येथील मठात, लेखिका जॉर्ज सँड हिच्या सहवासात आणि क्षयासारख्या दुखण्याच्या छायेत. पॅरिसहून मागविलेला प्लेयेल बनावटीचा पियानो तेथील जकातखात्याने आठवडेच्या आठवडे अडवून धरल्यामुळे बरेचसे काम एका सामान्य स्थानिक वाद्यावरच भागवावे लागले, ही गोष्टही या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. अवघे 25 खंड, आपल्या परिभाषेत आवर्तने म्हणा, एवढाच हिचा विस्तार. 'ई' हा स्वर षड्ज मानला तर उजव्या हातातील गीताची कथा अतिशय थोडी आहे: पंचम, क्षणभर कोमल धैवत, पुन्हा पंचम, असे तीनदा घडते, मग तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरून तेथेही तोच घुटमळण्याचा प्रकार. एखादा गवई इतका वेळ एका स्वराभोवती रेंगाळला, तर तंबोऱ्याच्या अचल षड्जाशी त्या स्वराचे जे नाते तेच आपण निरनिराळ्या अंगांनी न्याहाळीत बसतो. येथे नेमकी याच्या उलट व्यवस्था आहे. डाव्या हातात तीन-तीन स्वरांचे संघ एकसारख्या ठोक्याने वाजत असतात, आणि त्या संघांतील कधी एक, कधी दोन स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने, अगदी चोरपावलांनी, खाली सरकत जातात. म्हणजे गीत जागचे हलत नाही आणि त्याच्या खालची भूमीच ढळत राहते. तोच पंचम प्रत्येक वेळी नव्या सोबतीत सापडल्यामुळे कधी समाधानी, कधी व्याकूळ, तर कधी अगदी परका वाटू लागतो. पाश्चात्य संगीतात ज्याला 'हार्मनी' म्हणतात तिचे सामर्थ्य याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण शोधून सापडणे कठीण.

बाराव्या खंडाशी रचनेचा पूर्वार्ध मंद्र पंचमाच्या पायावर, षड्जाची अपेक्षा उत्पन्न करून, अडतो. उत्तरार्ध पुन्हा पहिल्याच ओळीने सुरू होतो; पण या खेपेस चार खंडांतच संयम सुटतो, लय उतावीळ होते, आणि साऱ्या रचनेतील एकमेव मोठा आवाज उसळून ओसरतो. मग एकविसाव्या खंडात गीत एकदाचे षड्जावर येऊन पोहोचते, आणि येथेच शोपँची खरी करामत आहे. कारण ज्या क्षणी गीत स्वगृही येते त्याच क्षणी डाव्या हाताचा खर्ज षड्जाऐवजी कोमल धैवतावर जाऊन उभा राहतो. घर सापडते, पण पाया तेथे नसतो. पुढे एक संदिग्ध स्वरसंघ, त्यानंतर विराम, आणि शेवटी अतिमंद आवाजातील तीन संघ. त्यांतील तिसऱ्यावर गीत व पाया यांचा षड्जावर मेळ बसतो.

ही रचना पियानोचीच का, याचेही उत्तर तिच्या घडणीत आहे. पियानोचा स्वर उमटताक्षणीच विरू लागतो. त्याला ना मीड, ना आस वाढविण्याची सोय. गीताचा दीर्घ स्वर असा क्षीण होत असता खालचे ठोके अखंड चालू राहतात, आणि वादकाची कसोटी लागते ती हे ठोके मृदू पण जिवंत ठेवण्यात. 30 ऑक्टोबर 1849 रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँचा अंत्यविधी झाला, तेव्हा हेच प्रिल्यूड ऑर्गनवर वाजविण्यात आले होते. परंतु ऑर्गनचा स्वर बोट उचलेपर्यंत अक्षय राहत असल्याने त्या दिवशी ते काहीसे निराळेच ऐकू आले असले पाहिजे.

या भाषणानंतर ध्वनिमुद्रिका दोनदा लावण्यात येईल. पहिल्या खेपेस गीताकडे दुर्लक्ष करून केवळ डाव्या हाताची उतरण ऐकावी. दुसऱ्या खेपेस लक्ष गीताकडे द्यावे, म्हणजे एकाच पंचमाचे इतके चेहरे कोठून आले याचा उलगडा, मी केलेल्या विवेचनापेक्षा अधिक चांगल्या रीतीने, आपले कानच करून देतील.