अंगावर पित्त उठतं तेव्हा

अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली, की आपण म्हणतो "पित्त उठलं" आणि आमसुलाचं पाणी लावतो. लावा, गार वाटतं. पण या पित्ताचा पोटातल्या आंबट पित्ताशी काही संबंध नाही बरं का. आपल्या कातडीत काही पेशी राखणदारासारख्या बसलेल्या असतात. एखादी वस्तू त्यांना वैऱ्यासारखी वाटली, की त्या हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते, खाज येते. एक गांध साधारण दिवसभरात विरते, तोवर दुसरी दुसरीकडे उठते.

लहान मुलांना पुष्कळदा साध्या सर्दी-तापातही हे होतं. कुणाला अंडी, शेंगदाणे, कोळंबी चालत नाही, कुणाला गार वारं. मधमाशी आणि गांधीलमाशी तर आहेच. पण आपलं लक्ष जात नाही ते औषधाकडे. कंबर दुखते म्हणून किराणा दुकानातून आणलेली गोळी, नाहीतर शेजारणीकडे उरलेली अँटिबायोटिक. "मागे घेतली तेव्हा काही झालं नव्हतं" असं म्हणून भागत नाही. अ‍ॅलर्जी नंतरही जडते.

काहींना मात्र दीड-दोन महिने रोज गांधी उठतात आणि कारण सापडतच नाही. अशा बाईचं घरातले सगळे मिळून वांगं बंद करतात, मग दही, मग डाळ. उगाच उपाशी मारू नका तिला. डॉक्टरांच्या गोळीनं ते आटोक्यात राहतं.

आता नीट कान देऊन ऐका. माशी चावल्यावर, काही खाल्ल्यावर किंवा गोळी-इंजेक्शन घेतल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर आमसूल नको, अंगारा नको, आणि "झोप जरा, बरं वाटेल" हेही नको. अशा वेळी घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. कधी कधी अंगावर एकही गांध नसते, म्हणून फसायला होतं. खाजेच्या गोळीनं घसा मोकळा होत नाही. इथं लागतं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीत, लवकरात लवकर. बाळाला लस दिल्यावर सिस्टर अर्धा तास थांबायला सांगतात ना, ते याचसाठी.

तर १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनानं जवळचा दवाखाना गाठा. तिला आडवं निजवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. चालवत नेऊ नका, एकदम उभंही करू नका. मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर नखानं खरवडून लगेच काढा.

इंजेक्शननं बरं वाटलं, की घरी शेळ्या बांधायच्यात, स्वयंपाक व्हायचाय, म्हणून आपण उठून निघतो. निघू नका. काही तासांनी तोच त्रास पुन्हा उलटू शकतो. डॉक्टर म्हणतील तेवढा वेळ तिथंच राहा. आणि ज्या गोळीनं झालं तिचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या, दर वेळी दवाखान्यात दाखवा. लिहिता येत नसेल, तर गोळीचं रिकामं पाकीटच बटव्यात जपून ठेवा.