बेसच्या पिकअपवरचे स्क्रू: किती फिरवायचे, कुठे थांबायचं

आजचा भाग ऐकताना हेडफोन घाला बरं का. बेसची खुली ‘ई’ तार साधारण 41 हर्ट्झला वाजते आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला तेवढं खाली उतरता येत नाही.

तर विषय असा. घरी एकट्याने वाजवताना सगळं छान असतं. बँडमध्ये ड्रम सुरू झाले की ‘जी’ तार गायब! मग पहिला विचार येतो, नवीन पिकअप घेऊया का? थांबा. आधी आहे तो पिकअप नीट बघा. प्रत्येक तारेखाली फटीचं किंवा षटकोनी खाचेचं डोकं दिसतंय का? दिसत असेल तर कदाचित फुकटात काम होईल.

सगळ्या पिकअपना हे स्क्रू नसतात. लिओ फेंडरच्या 1951च्या प्रिसिजन बेसमध्ये प्रत्येक तारेखाली एकच मॅग्नेट होता. 1957मध्ये पिकअप दोन तुकड्यांचा झाला आणि तारेमागे दोन मॅग्नेट आले. पण ते जागेवर पक्के. गुळगुळीत गोल टोकं दिसली तर त्यांना ढकलू नका. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये केसासारखी बारीक तार थेट त्या मॅग्नेटभोवती गुंडाळलेली असते. मॅग्नेट सरकला आणि ती तुटली की पिकअप मुका.

गंमत म्हणजे हेच लिओ फेंडर 1980च्या सुमारास जी अँड एल कंपनीत एल-2000 बेस घेऊन आले, त्यात मात्र पोल ॲलन कीने वरखाली करता येतात. तिथे मॅग्नेट खाली असतो. वरचा स्क्रू स्वतः मॅग्नेट नाही, तो खालचं चुंबकत्व तारेपर्यंत पोचवणारा लोखंडी रस्ता आहे. रस्ता तारेच्या जवळ नेला की त्या तारेचा आवाज वाढतो, सुरुवातीचा ठोकाही थोडा टोकदार होतो. दूर नेला की आवाज मागे जातो, मऊ लागतो.

पण इथेच लोक फसतात. स्क्रू म्हणजे टोनचा नॉब नव्हे. जॅझचा बेस मेटलचा होणार नाही. त्याचं खरं काम एकच: चार तारांमधला तोल. आणि ते काम महत्त्वाचं आहे, कारण नेहमीच्या सेटमध्ये ‘ई’ 105ची आणि ‘जी’ 45ची, म्हणजे निम्म्याहूनही बारीक. शिवाय फ्रेटबोर्ड कमानदार असतो. मधल्या तारा किंचित उंच, आणि पिकअप मात्र बहुतेक वेळा सपाट.

करायचं कसं? ॲम्पचे नॉब मध्यावर, कॉम्प्रेसर बंद. कॉम्प्रेसर चालू असेल तर तोच तोल सांभाळतो आणि आपण उगाच खूश होतो. आधी अख्ख्या पिकअपची उंची बाजूच्या स्क्रूंनी लावा, शेवटचा फ्रेट दाबून बघा, तार पिकअपला लागता कामा नये. मग प्रत्येक तार सारख्याच जोराने वाजवा, खुली आणि बाराव्या फ्रेटवर. फोनवर रेकॉर्ड केलंत तर वेव्हफॉर्मची उंचीही दिसेल, पण शेवटी कानाचं ऐका. कमी पडणाऱ्या तारेचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. परत वाजवा. माझं मत विचाराल तर ‘जी’ वर ओढत बसण्यापेक्षा ‘ई’ थोडी खाली घ्या. स्क्रू फार वर आला की जोरात वाजवताना तार त्यावर आपटते, आणि चुंबक जोरदार असेल तर ओढ तारेच्या कंपनातही ढवळाढवळ करते. स्क्रू घट्ट असेल तर जोर लावू नका, खाच गेली तर मोठी कटकट.

आणि हो, तार जुनी असेल तर आधी ती बदला.

अजून एक तपासणी. ‘जी’ तार सगळीकडे नीट वाजतेय, फक्त पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच विझतोय? मग दोष पिकअपचा नाहीच. मान त्या कंपनाची ताकद खाऊन टाकते, त्याला डेड स्पॉट म्हणतात. तिथे स्क्रू कितीही फिरवा, काही होणार नाही. हेडस्टॉकला एखादा छोटा क्लॅम्प लावून बघा, मध्ये कापडाचा तुकडा ठेवा म्हणजे पॉलिश जाणार नाही. वजन वाढलं की तो स्पॉट बऱ्याचदा शेजारच्या फ्रेटकडे सरकतो.