प्रकाशक बंद पडतो तेव्हा

(पिंपरी येथे कार्यकर्ते, वाचक व लेखक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा माणूस. साहित्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी करणारही नाही. मी बोलणार आहे ते कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या व्यवहाराविषयी. हा विषय डोक्यात घेण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होता. रात्रपाळी संपवून तो सकाळच्या वर्गाला येऊन बसे. पुढे तो लिहू लागला. त्याचा एक कथासंग्रह व एक कादंबरी पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने काढली. प्रकाशक सज्जन होता. पेठेतल्या एका खोलीत त्याचे कार्यालय, संपादक तोच, हिशेबनीस तोच आणि गठ्ठे बांधणाराही तोच. दोन वर्षांपूर्वी तो आजारी पडला व व्यवसाय बंद झाला. काही महिन्यांनी माझ्या विद्यार्थ्याला एका अनोळखी माणसाचा दूरध्वनी आला. तो गोदामाचा मालक होता. "तुमची पुस्तके न्यायची असतील तर शनिवारपर्यंत न्या, भाडे थकले आहे." हा गेला तेव्हा अर्धे गठ्ठे रद्दीच्या टेम्पोत चढलेले होते. उरलेल्या प्रती त्याने वजनाच्या भावाने विकत घेतल्या. मला म्हणाला, "सर, माझी कादंबरी मी किलोवर घेतली."

ही तक्रार त्या प्रकाशकाविरुद्ध नाही. ती त्या व्यवस्थेविषयी आहे जिच्यात एक माणूस आजारी पडला की वीस लेखकांची पुस्तके नाहीशी होतात.

आपण या लेखकाला 'स्वतंत्र' लेखक म्हणतो. म्हणजे त्याला नोकरी देणारा कोणी नाही. हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या माणसाला निराळा शिकवावयास नको. येथल्या शेडमध्ये दोन लेथ टाकून मोठ्या कंपनीचे जॉबवर्क करणारा कारखानदारही स्वतंत्रच असतो. वरची ऑर्डर थांबेपर्यंत तो मालक असतो. ऑर्डर थांबली की त्याला कळते की आपण मालकही नाही आणि कामगारही नाही. लेखकाची स्थिती हीच आहे, फक्त त्याच्याकडे विकावयास लेथसुद्धा नसतो.

आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. तेव्हा कामगारांच्या वाट्याला काय आले याविषयी आपल्यात मतभेद आहेत. तथापि वाद घालावयास एक कायदा होता, एक संघटना होती. कारखाना बंद करावयाचा तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा, हे तत्त्व औद्योगिक विवाद कायद्याने मान्य केले आणि ते २०२० च्या संहितेतही शिल्लक आहे. जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर भरले. त्या वेळी त्या कंपनीतील कामगारांचे पगार अनेक महिने थकलेले होते. दुःखाची गोष्ट होती. पण थकलेला पगार हा 'थकलेला' आहे हे तरी सर्वांना मान्य होते. मंडपात हिंडणाऱ्या किती लेखकांचे मानधन किती वर्षे थकले आहे, याची नोंद कोणत्या वहीत होती?

आता प्रकाशकाची बाजू पाहू, कारण त्याला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही. एक साधे गणित करू. एका कादंबरीच्या ५०० प्रती काढल्या व किंमत ३०० रुपये ठेवली, असे धरा. छापील किमतीने दीड लाख रुपये झाले. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की ९० हजार उरतात. लेखकाला १० टक्के म्हणजे १५ हजार दिले की ७५ हजार. यातून अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, गोदाम व टपाल. पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, हे खरे; पण कागदावर व छपाईवर तो आहे, आणि विक्री करमुक्त असल्याने भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत पुस्तक-टपालाची स्वस्त सेवा बंद केली. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' नावाने नवी सेवा आली, परंतु मधल्या महिन्यांत गावोगावी एकेक प्रत धाडणाऱ्याने काय केले असेल? प्रती विकल्या जाण्यास तीन वर्षे लागली तर तेवढा काळ भांडवल अडकून पडते. आणि लेखकाला? तीन वर्षांत १५ हजार. महिन्याला सव्वाचारशे रुपयेही नाहीत. तेही सर्व प्रती खपल्या आणि सर्व हिशेब मिळाला तर.

म्हणजे लेखक आणि लहान प्रकाशक हे दोघेही एकाच गाळात उभे आहेत. एकाने दुसऱ्याचा पाय ओढून कोणीच वर येणार नाही.

प्रकाशनसंस्था बंद पडते तेव्हा लेखक नेमके काय गमावतो? पहिले, येणे असलेली रक्कम. दुसरे, शिल्लक प्रती. ही दोन्ही नुकसाने मी सोसण्याजोगी मानतो. तिसरे नुकसान अधिक मोठे आहे. पुस्तक पुन्हा छापण्याचा हक्क कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नसते. करारपत्र सापडत नाही, किंवा ते कधी झालेच नव्हते. दुसरा प्रकाशक हात लावावयास भितो. प्रकाशकाचे वारस परगावी असतात, ते पत्राला उत्तर देत नाहीत. पुस्तक जिवंत लेखकाच्या डोळ्यांदेखत मरते.

हा प्रश्न केवळ अप्रसिद्ध लेखकांचा नाही. वि. स. खांडेकर यांच्यासारख्या ज्ञानपीठविजेत्या लेखकाच्या पुस्तकांचा वाददेखील त्यांच्या निधनानंतर प्रकाशक व वारस यांच्यात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा गाभा हाच होता की, लेखकाने दिला तो मालकीहक्क, की केवळ छापण्याची परवानगी? अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ ची. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले; ते स्वतः १९६९ मध्ये मुंबईत हलाखीतच गेले. ज्याच्या लेखणीवर इतरांचे धंदे चालले, त्याच्या घरी काय पोचले, हा आपण समाजवाद्यांनी विचारावयाचा पहिला प्रश्न आहे.

येथे कायदा लेखकाच्या बाजूला आहे, आणि तो कोणी वाचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम घरी जाऊन अवश्य वाचा. लेखकाच्या सहीच्या लेखी कराराखेरीज हक्काचे हस्तांतर होत नाही. तोंडी बोलण्याने मालकी जात नाही. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी भर पडली. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानावयाची. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापर केला नाही तर, करारात उलट काही लिहिलेले नसल्यास, तो हक्क संपतो. माझ्या टर्नर विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. "म्हणजे कादंबरी माझीच आहे?" त्याने विचारले. ती त्याचीच होती. दोन वर्षे तो परवानगी मागण्यासाठी वारसांचा पत्ता शोधत होता.

चौथे नुकसान पैशात मोजता येत नाही. ते म्हणजे अनोळखी माणसाचे हस्तलिखित वाचणारा डोळा. 'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी काढली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीतले होते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने वाचकांच्या बळावर काढले. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाले तेव्हा नव्या कथाकाराची कथा काळजीपूर्वक वाचून परत धाडणारे, पुन्हा लिहावयास लावणारे एक टेबल नाहीसे झाले. 'सत्यकथे'च्या अभिरुचीविषयी आमच्या पिढीने कडाक्याचे वाद घातले आणि ते वाद खोटे नव्हते. परंतु ज्याच्याशी भांडावे असे टेबलच उरले नाही, हे त्या भांडणाचे फलित आपणांस नको होते.

आज लेखकापुढे दोन मार्ग ठेवले जातात. पहिला मोठ्या भांडवलाच्या आश्रयाचा. त्याची परीक्षा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. 'वेस्टलँड' ही मोठी प्रकाशनसंस्था आधी टाटा समूहातील ट्रेंटकडे होती, ती अमेझॉनने विकत घेतली होती आणि एके दिवशी ती बंद करण्याचे जाहीर केले. नामांकित लेखकांनाही आपली पुस्तके बाजारातून जाण्याआधी विकत घ्या म्हणून वाचकांना विनवावे लागले. पुढे त्यांतील बरीच पुस्तके व माणसे 'प्रतिलिपि'च्या आश्रयाने सावरली, ही आनंदाची गोष्ट. पण लहान प्रकाशक पैसे संपल्याने बंद पडतो. मोठ्याला बंद पडण्यासाठी पैसे संपावे लागत नाहीत, नफ्याचे आकडे मनासारखे नसले तरी पुरते.

दुसरा मार्ग स्वावलंबनाचा म्हणून सांगितला जातो. स्वतः छापा, स्वतः विका, संगणकावर चढवा. यात तथ्य आहे. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापण्याच्या तंत्रामुळे गोदामाचे ओझे गेले. ही सोय नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु दुकान दुसऱ्याचे, नियम दुसऱ्याचे, हिशेब दुसऱ्याचा आणि जोखीम तेवढी आपली, या व्यवस्थेला कारखान्यात आपण कंत्राटी पद्धत म्हणतो. तिला साहित्यात स्वातंत्र्य म्हणावयाचे काय?

माझे म्हणणे असे की तिसरा मार्ग आहे, आणि तो आपल्याच देशात चाललेला आहे. १९४५ मध्ये केरळात कोट्टायम येथे बारा लेखकांनी एकत्र येऊन लेखकांची सहकारी प्रकाशन संस्था काढली. साहित्य प्रवर्तक सहकारी संघ हे तिचे नाव. जेथे दहा टक्के मिळणे मुश्कील, तेथे तिने लेखकांना तीस टक्के मानधन दिले. पुढे तिलाही अडचणी आल्या; सहकार ही जादूची कांडी नाही. पण अनेक दशके मल्याळी लेखक आपल्याच संस्थेचा भागधारक होता. आणि महाराष्ट्र तर सहकाराची भूमी म्हणवतो. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. येथे उसाचा सहकार झाला, दुधाचा झाला, सुताचा झाला. गोष्टींचा का होऊ नये? साखरेच्या सहकाराचे पुढे काही ठिकाणी काय झाले ते मी जाणतो. म्हणूनच म्हणतो की संस्था लहान असावी, पदे फिरती असावीत व हिशेब दर वर्षी भिंतीवर लागावा.

या औद्योगिक पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, लिहिणारी माणसे थोडी नाहीत. यंत्रावर काम करून लिहिणारी, वस्तीत शिकवून लिहिणारी. त्यांपैकी दहा-पंधरा जणांनी एकत्र येऊन एवढे तरी करावे. पाच वर्षांच्या मुदतीचा एकच नमुना-करार, जो प्रत्येकाने वापरावा. प्रकाशक बंद पडल्यास हक्क आपोआप लेखकाकडे परत येईल व शिल्लक प्रती छपाईखर्चाच्या दराने प्रथम लेखकाला देऊ केल्या जातील, हे कलम त्यात असावे. प्रत्येक पुस्तकाची छपाईसाठी तयार संगणकीय प्रत लेखकाच्या ताब्यात असावी. आणि प्रती ठेवावयास एक सामायिक खोली असावी, तिचे भाडे सर्वांनी मिळून द्यावे. प्रकाशकालाही यात सभासद होऊ द्यावे. तो आपला शत्रू नाही.

शेवटी एक कडू गोष्ट, आपल्याच विषयी. आपण कार्यकर्ते मेळाव्याला लेखक बोलावतो, त्याला प्रवासखर्च देण्याचे विसरतो आणि निघताना "एक प्रत द्या की" म्हणतो. लेखक संकोचाने सही करून देतो. कामाचे दाम मागणाऱ्यांच्या संघटनेत उभी हयात घालविलेली माणसे आपण. लेखकाच्या कामाचे दाम देताना मात्र आपल्याला ते प्रेम वाटते. प्रत्येक शाखेने वर्षाला दहा पुस्तके लहान प्रकाशकाकडून अथवा थेट लेखकाकडून, पूर्ण किमतीने घ्यावीत. ठराव नको, पावती हवी.

आपण बसलो आहोत तेथून देहू जवळच आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कशा तरल्या याचा चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने मानावा. पण त्यांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, असे परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढणारा माणूस. ना संस्थानिक, ना शास्त्री. ज्या चाकणमध्ये आज मोटारी तयार होतात, तेथल्या एका कष्टकऱ्याने दुसऱ्याचे शब्द आपले समजून जपले. लहान प्रकाशक हेच काम करीत आला. तो थकला असेल, तर ते काम आता आपण सर्वांनी मिळून अंगावर घ्यावयाचे आहे.

माझ्या विद्यार्थ्याने वजनावर आणलेल्या प्रती येथे दाराजवळच्या टेबलावर मांडल्या आहेत. किंमत छापील आहे, सूट नाही. जाताना घेऊन जा.