वऱ्हाडातल्या मंडळ्या आणि त्यांचे पाळक

वऱ्हाडात ख्रिस्ती मंडळ्या आल्या त्या रेल्वेमागोमाग. 1853 साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. 1867 साली भुसावळहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठिकाणे मुंबईशी जोडली गेली. कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या, तिकडून व्यापारी, अंमलदार आणि मिशनरी येऊ लागले. अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य 1881 च्या जानेवारीत मुंबईला उतरले, बऱ्हाणपूरला राहिले आणि पुढे वऱ्हाडात आले. फ्री मेथॉडिस्ट पंथाचे हिंदुस्थानातले हे पहिले मिशनरी.

या वॉर्डसाहेबांचे नाव मराठी साहित्याशी कायमचे जोडले गेले आहे. 1893 साली नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघाले असता गाडीत त्यांना एक गोरा पाद्री भेटला. कवितेवरून बोलणे निघाले, धर्मावर आले. उतरताना पाद्र्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. तो पाद्री म्हणजे वॉर्ड. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचे पुढचे आयुष्य अहमदनगरकडे गेले, पण त्यांची गीते वऱ्हाडात परतली. रविवारच्या उपासनेत पेटी-तबल्यावर टिळकांचे गीत आले नाही, अशी मराठी मंडळी शोधून सापडायची नाही.

अकोल्याची हकिकत अधिक भरगच्च आहे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचे मराठी मुलखातले मोठे ठाणे इथे होते. मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे तिथले आधारस्तंभ. जेनीबाई घराघरांत शिरल्या, बायकांशी बोलल्या. बालविवाह, विधवांचे हाल, मुरळ्या आणि देवदासी यांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1900 साली निघाले. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. हेलन डायर यांनी पुढे जेनीबाईंचे चरित्र लिहिले, त्याच्या नावातच अकोला आहे. जेनीबाईंच्या पुस्तकात परक्या नजरेचा करडेपणा जागोजागी जाणवतो. तरीही वऱ्हाडातल्या स्त्रियांचे दुःख इतक्या तपशिलाने त्या काळी फार थोड्यांनी नोंदवले, हे मान्य करायला हवे.

मंडळ्या वाढल्या त्या दुष्काळात. 1896-97 आणि लगेच 1899-1900, असे दोन दुष्काळ या प्रांतावर कोसळले. आईबाप गेलेली मुले मिशनच्या आवारात आली. अकोल्याला मुलगे, खामगावला मुली. ही मुले वाढली, शिकली, त्यांची आपसात लग्ने झाली आणि त्यांतून मंडळीतली पहिली घराणी उभी राहिली. भुकेल्या पोराला धर्म निवडण्याची मोकळीक कुठली? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. पण त्याच मुलांतून मास्तर, नर्सा, बायबल-बाया आणि पाळक तयार झाले. त्यांनी धरलेली श्रद्धा त्यांची स्वतःची होती. तिला केवळ अन्नाची परतफेड म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मिशनांनी प्रदेश वाटून घेतले होते. अकोला, अमरावती, खामगाव अलायन्सकडे, यवतमाळ फ्री मेथॉडिस्टांकडे, वाशीम मेथॉडिस्टांकडे, बुलढाणा नाझरीन पंथाकडे, अचलपूर आणि मेळघाट कोरकू मिशनकडे. हे वाटप परदेशी कचेऱ्यांच्या सोयीचे होते. त्याचा भार पडला तो इथल्या पाळकांवर. अलायन्सच्या मंडळीत जाणत्या वयात, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा होई. मेथॉडिस्टांत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालत. अकोल्याची लेक वाशीमला दिली, की तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्यावरून दोन्ही घरांचे मन राखायचे काम पाळकसाहेबांचे. वाशीमने तर याहून मोठा फेरफार पाहिला. 1930 नंतरच्या दशकात मेथॉडिस्टांनी तिथले काम नाझरीनांना सोपवले. माणसे तीच, आवार तेच, वरची पाटी नवी. अशा वेळी मंडळी फुटू न देण्याची जोखीम सांभाळली ती मराठी पाळकांनी. नाझरीन मंडळ्यांतले सॅम्युएल भुजबळ हे त्यांतले आघाडीचे नाव.

त्याच वाशीमला 1936 साली डॉ. ऑर्फा स्पायकर आल्या. 1938 साली त्यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. आसपासच्या खेड्यांना मंडळीची ओळख झाली ती प्रवचनातून कमी आणि या दवाखान्यातून जास्त.

पाळक घडवण्याचे मोठे केंद्रही वऱ्हाडातच होते. यवतमाळला 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि देशभरचे विद्यार्थी या कापसाच्या गावी येऊन शिकू लागले. 1983 साली ती पुण्याला हलली. कॅथॉलिकांची वाट वेगळी. अमरावती हे धर्मप्रांताचे स्वतंत्र ठाणे झाले 1955 साली. पहिले बिशप जोसेफ अल्बर्ट रोझारियो.

एवढे सगळे सांगताना परदेशी नावे भराभर येतात, कारण त्यांची पत्रे, अहवाल आणि चरित्रे छापली गेली. बैलगाडीने बाजारच्या गावी जाणारा प्रचारक, बाळंतिणीपाशी बसणारी बायबल-बाई, तुटपुंज्या पगारावर तीन-तीन गावांच्या मंडळ्या सांभाळणारा पाळक, यांची नावे सापडायची तर बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदवह्यांतच शोधावी लागतील. अशा वह्यांची पाने पिवळी पडतात, वाळवी त्यांना सोडत नाही. अमरावती विद्यापीठाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आणि मंडळ्यांच्या पंचांनी एकत्र बसून आधी त्यांची यादी करावी, मग छायाप्रती काढाव्यात. सुरुवात अकोल्यापासून करणे सोयीचे: गाव मोठे, घराणी जुनी, आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेले सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत.