सायकलीचा ताठपणा आणि स्वाराचे सुख



सायकलीच्या सांगाड्यावर एका निवृत्त शिक्षकाने भाषण करावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्यास कारण माझेच एक चुकलेले उत्तर आहे.

आमच्या लोटे गावचा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. त्याची सायकल शर्यतीच्या जातीची, कार्बनच्या सांगाड्याची. चिपळुणाहून परशुराम घाट चढून घरी पोहोचेपर्यंत त्याचे तळहात बधिर होत. अधिक लवचीक असा दुसरा सांगाडा घ्यावा काय, हा त्याचा प्रश्न होता आणि त्यापायी घरच्या पुंजीस हात घालावा लागणार होता. "जो सांगाडा ताठ, तो अंगास बोचणारच," असे मी बेधडक सांगून टाकले. मागाहून विचार करता कळले की, दोन निराळ्या गोष्टींची मी गल्लत केली होती.

ताठपणा कोणत्या दिशेचा, हे आधी पाहिले पाहिजे. चढावर स्वार पायडलांवर उभा राहतो, तेव्हा सांगाडा आडवा वाकू पाहतो आणि पिळवटतो. हे जितके कमी होईल तितके इष्ट. खड्ड्याचा धक्का मात्र खालून वर येतो. पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियम सर्व दिशांना सारखेच ताठ. कार्बनचे तसे नाही. त्याचे तंतू राळेत बसवून थरावर थर रचतात. कळकाची काठी लांबीच्या दिशेने बळकट, पण उभी सहज चिरते. तद्वत कार्बनचे बळ तंतूंच्या दिशेस असते. नळीच्या लांबीस समांतर बसविलेले तंतू वाकणे आवरतात, तर तिरपे तंतू पीळ आवरतात. म्हणून पायडलांच्या आसापाशी ताठपणा आणि सीटखालील बारीक नळ्यांत किंचित लवचीकता, अशी योजना कारागिरास करता येते. १९८६ साली ग्रेग लेमाँड या अमेरिकन स्वाराने फ्रान्सची सुप्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' शर्यत कार्बनच्या सांगाड्यावर बसून जिंकली, तेव्हापासून या पदार्थाचा बोलबाला वाढत गेला.

तथापि एक मर्यादा आहे. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यांत हलतो, त्रिकोण हलत नाही, हे मी भूमितीच्या तासाला कितीदा तरी शिकविले असेन. सायकलीचा सांगाडा म्हणजे दोन त्रिकोणच. तो कशाचाही असो, उभ्या दिशेने अगदी थोडा दबतो. एकाखाली एक टांगलेल्या स्प्रिंगांत जी सर्वांत मऊ, तीच सर्वांत अधिक ताणली जाते. सायकलीत ती मऊ स्प्रिंग म्हणजे टायरातील हवा. तिच्यामागून सीटची लांब दांडी, चिमटा आणि हँडल यांची पाळी येते.

मग आम्ही घरीच एक प्रयोग केला. त्याच्या सायकलीच्या २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरांत ११० पौंड हवा होती. तेवढ्याच रुंदीचे टायर असलेली अ‍ॅल्युमिनियमची सायकल शेजाऱ्याकडून आणून तीत ८० पौंड भरली. खडबडीत रस्त्याच्या एकाच तुकड्यावर दोन्ही चालविता स्वस्त सायकल सुखाची वाटली! मग कार्बनच्या सायकलीतही ८० पौंडच ठेवले, तेव्हा दोहोंतील फरक अगदी थोडा उरला. विद्यार्थ्याने नवा सांगाडा घेण्याचा बेत सोडला आणि मी माझे उत्तर मागे घेतले.

हा धडा तसा जुनाच आहे. १८८८ साली डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायराचे पेटंट घेतले, ते आपल्या मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी करण्याच्या खटपटीतून. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. म्हणजे आपल्याकडे सायकलीचा व्यापार रुजत होता, तेव्हाच स्वाराच्या सुखाची किल्ली सापडली होती.

तेव्हा आपल्या घरचा कोणी तरुण अशा सायकलीचा हट्ट धरील, तर त्यास नाउमेद करू नका. हलकेपणा आणि चढावरील ताठपणा हवा असेल, तर कार्बन जरूर घ्यावा. सुखासाठी मात्र सांगाड्यात २८ किंवा ३० मिलिमीटरचा टायर मावतो की नाही, हे पाहावे आणि हवा आपल्या वजनाच्या मानाने भरावी. ती फार कमीही नसावी, नाहीतर खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटून पंक्चर व्हायची. पुंजीस हात घालण्यापूर्वी पंपास हात घालावा, एवढेच माझे सांगणे.